पाचवं शील आणि अर्धी गोळी

गोपाळराव डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले ते चिठ्ठीची चार घड्यांची पुडी करूनच. बाहेर बाकावर इंदूबाई बसल्या होत्या. डॉक्टर काय म्हणाले हे त्यांनी विचारायच्या आत गोपाळरावांनी निकाल देऊन टाकला, की गोळी घेणार नाही, विषय संपला. पस्तीस वर्षांच्या संसारात 'विषय संपला' हे इंदूबाईंनी इतक्या वेळा ऐकलं होतं, की खरा विषय त्यानंतरच सुरू होतो हे त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि जिना उतरायला लागल्या.

गोपाळराव कोण, हे मनीषनगरात कुणाला सांगावं लागत नाही, पण इथे सांगायला हवं. वीज मंडळात चौतीस वर्षं लाइनमन म्हणून खांबावर चढले आणि हातपाय शाबूत ठेवून निवृत्त झाले. ती झाली पोटाची नोकरी. त्यांची खरी ओळख होती ती बौद्धाचार्य म्हणून, म्हणजे बौद्ध पद्धतीनं लग्न लावून देणारे. पांढराशुभ्र सदरा, पांढरा पायजमा, माईक नसला तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत जाणारा आवाज, आणि हातात कागद नाही. त्रिशरण, पंचशील, नवरा-नवरीच्या प्रतिज्ञा, सगळं तोंडपाठ. तीनशेच्या वर लग्नं त्यांनी लावली होती. गोपाळराव येणार म्हटलं की पोरीच्या बापाचा अर्धा घोर तिथंच कमी होई, आणि हे गोपाळरावांना चांगलं ठाऊक होतं. माणूस सज्जन होता, पण मान थोडी ताठच होती.

ती मान फेब्रुवारीत खाली गेली. एका लग्नात उभे होते. चार शीलं म्हणवून झाली, पाचवं म्हणवायला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. छाती अशी धडधडायला लागली की जणू कुणी आतून दार ठोठावतंय. हाताला घाम सुटला, समोरचा मांडव गरगरला आणि गोपाळराव नवरा-नवरीच्या समोर मटकन खाली बसले. कुणी पाणी शिंपडलं, कुणी कांदा हुंगवला, आणि कुणीतरी मोबाईलवर बघून उरलेलं लग्न उरकून घेतलं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय तरण्याबांड माणसाचं निघालं. मग लोक म्हणाले गॅस झाला असेल, आणि गोपाळरावही तेच सांगत सुटले.

पण गॅस सहा महिने टिकत नाही. झोप उडाली. फोन वाजला की अंगाला घाम फुटे, कारण फोनवर हमखास कुणीतरी लग्नाची तारीख विचारी. एक लग्न नाकारलं, दुसरं नाकारलं, मग लोकांनी विचारणंच सोडलं. जेवण ताटात तसंच राही. संध्याकाळी विहारात जाणारा माणूस गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या बघत राही.

आणि इकडे घरातच लग्न येऊन ठेपलं होतं. मुलगी रितिका एका लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करायची. नरखेडकडचा आयुष, शाळेत शिक्षक, दोघांचं जमलं होतं आणि दोन्ही घरांना पसंत होतं. तारीख ठरली चौदा डिसेंबर. रितिकानं एकच अट घातली, की लग्न बाबा लावतील, नाहीतर आम्ही दोघं रजिस्टर करून येऊ, मांडव घालूच नका. बापानं कितीदा समजावलं की दुसरे चांगले लोक आहेत. पोरगी बापावरच गेलेली होती, हलली नाही. बाप असा बसल्या जागी आटत चाललेला तिला बघवत नव्हता, आणि त्याला उभं करायला दुसरी दोरी तिला सापडत नव्हती. म्हणून सप्टेंबरात ती त्यांच्यासाठी मनोविकाराच्या डॉक्टरांची वेळ घेऊन मोकळी झाली.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं नीट सांगितलं की हा आजार आहे, त्याला नाव आहे, आणि त्यातून माणसं बाहेर येतात. रस्ते दोन आहेत. एक गोळी, अर्धीपासून सुरू करायची, तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो. दुसरा, शिकलेल्या समुपदेशकाकडे जाऊन बोलायचं, आठवड्यातून एकदा. कुणाला एक पुरतं, कुणाला दोन्ही लागतात. काय निवडायचं ते तुम्ही ठरवा. गोपाळरावांनी एकच प्रश्न विचारला, की गोळी काम कुठं करते. डॉक्टर म्हणाले, मेंदूवर. घोडं अडलं ते तिथं.

कारण पाचवं शील. पंचशिलातली ही पाचवी प्रतिज्ञा दारूपासून आणि सगळ्याच नशेपासून दूर राहण्याची. जे डोक्यात चढून माणसाचं भान नेतं ते घेणार नाही, असं तीनशे नवरदेवांकडून ज्यानं वदवून घेतलं, त्यानंच मेंदूवर चढणारी गोळी गिळायची? डॉक्टर म्हणाले या गोळीनं नशा होत नाही. रितिकानं रात्री जेवताना आणखी अर्धा तास समजावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तू रक्त तपास, शील मी पाहतो, असं म्हणून ते हात धुवायला उठले.

मग राहिलं बोलणं. त्याला गोपाळराव एका पायावर तयार झाले. बोलणं हा तर आपला हातखंडा, त्यात काय कठीण आहे, असं त्यांना वाटलं.

समुपदेशक होती मयुरा नावाची एकोणतीस वर्षांची मुलगी. धंतोलीत तिची लहानशी खोली, दोन खुर्च्या, टेबलावर पाण्याचा ग्लास आणि कागदी रुमालांचा डबा. पहिल्या खेपेला गोपाळरावांनी तिला अष्टांग मार्ग समजावून सांगितला. दुसऱ्या खेपेला नवरा-बायकोनं कसं राहावं हे सांगितलं आणि तुझं लग्न झालं का म्हणून विचारलं. तिसऱ्या खेपेला छप्पन साली आपले वडील दीक्षेला कसे पायी आले होते ते इतक्या रंगून सांगितलं की वेळ संपून दहा मिनिटं वर झाली. दर वेळी बाहेर येताना चेहरा खुललेला. पोरगी हुशार आहे, म्हणायचे, ऐकून घेते. घरी येऊन मात्र पुन्हा तेच, ताटातलं ताटात आणि गॅलरी. त्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर पाणी वाटायला ते गेले नाहीत, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. विहारातले लोक त्यांच्या नावाची स्वयंसेवकाची पांढरी टोपी तशीच परत घेऊन आले.

चौथ्या खेपेला मयुरानं त्यांना सुरुवातच करू दिली नाही. ती म्हणाली, "काका, तुमच्याकडून मले खूप शिकायला भेटलं. पण तुमच्याबद्दल मले काकूंनी सांगितलं तेवढंच माहीत आहे. त्या लग्नात पाचव्या शिलाच्या वेळी तुम्हाले काय दिसलं होतं?"

गोपाळरावांनी ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. काही नाही दिसलं, म्हणाले. मग उठले आणि तडक जिन्याकडे निघाले.

मयुरा मागोमाग आली. बाहेर थांबलेल्या इंदूबाईंना तिनं स्पष्टच सांगितलं, की काकांनी आठवडाभरात रात्री दोन तासांच्या वर झोप घेतलेली नाही. आत काहीतरी आहे आणि ते बोलल्याशिवाय निघणार नाही, पण अशा अवस्थेत त्यांना बोलायला लावणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला पळायला लावणं आहे. आधी डॉक्टरांकडे परत न्या, मग माझ्याकडे आणा. गोपाळरावांनी ते जिन्यावरून ऐकलं. सगळे एकाच माळेचे मणी, असं पुटपुटत त्यांनी स्कूटर काढली.

छत्रपती चौकात लाल दिवा होता. तो इंदूबाईंना दिसला, मागच्या रिक्षावाल्याला दिसला, गोपाळरावांना दिसला नाही. स्कूटर तशीच पुढे गेली. डावीकडून पाण्याचा टँकर येत होता. त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि गाडीचं तोंड इंदूबाईंच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबलं. टँकरवाल्यानं खिडकीतून शिव्या द्यायला सुरुवात केली. गोपाळरावांनी स्कूटर कशीबशी कडेला घेतली आणि फुटपाथवर बसकण मारली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

इंदूबाई त्यांच्याशेजारी बसल्या. आधी पदरानं स्वतःचा घाम पुसला, मग त्यांचा. आवाज चढवला नाही.

"तुमचं पाचवं शील मी किती लग्नांत ऐकलं असंन. पोरांले तुम्ही काय सांगता? दारू वाईट म्हणून सोडा, असं नाही सांगत तुम्ही. माणसाचं भान जाते आणि मंग बाकीची चारही शीलं त्याच्या हातून मोडतात, म्हणून सोडा, असं सांगता. आता मले सांगा, आत्ता भान कोणाचं गेलं होतं? गोळी खाणाऱ्याचं, का न खाणाऱ्याचं?"

टँकरवाला अजून शिव्या देत होता आणि त्यातली एकही चुकीची नव्हती. गोपाळरावांनी खिशात हात घातला, चार घड्यांची चिठ्ठी बाहेर काढली आणि समोरच्या औषधाच्या दुकानाकडे पाहिलं. इतके दिवस चिठ्ठी खिशातच होती, फेकली नव्हती, हे इंदूबाईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या चिठ्ठीवर मात्र त्यांनी दुकानात जाऊ दिलं नाही. ती महिनाभर जुनी होती, म्हणून दोघं पुन्हा डॉक्टरांकडे गेले, आणि या वेळी स्कूटर तिथंच ठेवून रिक्षानं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी गोळी चहाच्या आधी घ्यायची की नंतर यावर पाऊण तास गेला. शेवटी नाश्त्यानंतर घेतली. गोळी गिळून गोपाळराव खुर्चीत ताठ बसून राहिले, डोक्यात काही चढतंय का याची वाट बघत. काहीच चढलं नाही. उलट पहिला आठवडा वाईट गेला. मळमळ, तोंडाला कोरड, दुपारभर जांभया. पाचव्या दिवशी त्यांनी गोळ्यांची पट्टी बरणीच्या मागे सारून ठेवली. इंदूबाईंनी ती काढून त्यांच्या सकाळच्या वर्तमानपत्रावर ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टर म्हणाले, हे होतं, आठ-दहा दिवसांत ओसरेल, आपल्या मनानं बंद करू नका, जास्त वाटलं तर लगेच या.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सकाळचे साडेसहा वाजले तरी गोपाळराव उठले नाहीत. इंदूबाई घाबरल्या. त्यांनी हळूच त्यांच्या नाकापुढे हात धरून पाहिला. श्वास गरम आणि सावकाश चालला होता. माणूस झोपला होता, फक्त झोपला होता. इंदूबाई स्वयंपाकघरात गेल्या, गॅस पेटवला आणि तिथं उभ्या उभ्या पोटभर रडल्या. त्या दिवशी गोपाळरावांनी कोथिंबिरीचं सारण भरलेली सांबारवडी मागितली, चार खाल्ल्या आणि आणखी आहे का म्हणून विचारलं.

पण गोळीनं सगळं झालं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पायाखालची जमीन हलायची थांबली होती, चालायचं अजून बाकी होतं. लग्नाचं नाव काढलं की गोपाळराव अजूनही गॅलरीत जात. रितिकाच्या पत्रिका छापून आल्या, तेव्हा त्यांनी त्या हातात घेतल्या आणि न वाचताच खाली ठेवल्या. मग एका गुरुवारी ते स्वतःहून उठले, कपडे केले आणि मयुराकडे जातो म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. अष्टांग मार्ग नाही, छप्पन साल नाही. सहा वर्षांपूर्वी महाल भागातल्या प्रयागबाईंच्या मुलीचं, सोनिकाचं, लग्न त्यांनी लावलं होतं. पोरीला बाप नव्हता, म्हणून प्रयागबाईंनी मुद्दाम गोपाळरावांनाच बोलावलं होतं. नवरदेव हातभर अंतरावर उभा होता आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. पाचव्या शिलाला त्याची जीभ अडखळली, मागे उभे असलेले त्याचे मित्र फिदीफिदी हसले. गोपाळराव थांबले, एका श्वासापुरतेच. नवरदेवाच्या काकानं मागून म्हटलं, आटपा जी लवकर, पंगत खोळंबली आहे. आठशे माणसं बसलेली. गोपाळरावांनी आटपलं. दारू प्यालेल्या पोराकडून दारू न पिण्याची शपथ वदवून घेतली आणि पुढचं लग्न खणखणीत आवाजात लावून दिलं. वर्षभरानं सोनिका माहेरी आली ती हात दोन ठिकाणी मोडून. आणि गेल्या फेब्रुवारीतल्या त्या लग्नात, पाचवं शील म्हणवायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा पहिल्या रांगेत फुलांच्या पाकळ्यांचं ताट घेऊन तीच उभी होती.

मयुरानं 'तुमची काही चूक नव्हती' असं म्हटलं नाही. तिनं विचारलं, की लाइनमन असताना माणूस खांबावर चढला की काय करायचे. गोपाळराव म्हणाले, लाइन बंद ठेवायची. सगळ्या मोहल्ल्याचे दिवे जात, लोक बोंबलत, नगरसेवकांचे फोन येत, पण माणूस खाली उतरल्याशिवाय गोपाळरावांनी कधी लाइन चालू होऊ दिली नव्हती, एकदाही नाही. मग तिथं कसं थांबवलं, असं मयुरानं विचारलं. तिथं जीव जाऊ शकतो ना, असं म्हणता म्हणता त्यांना सोनिकाचा मोडलेला हात आठवला. आणि मग आई गेली तेव्हाही न रडलेला तो माणूस कागदी रुमालांचा डबा मांडीवर घेऊन हमसाहमशी रडला. मयुरानं घड्याळ बघितलं नाही. रडणं थांबल्यावर तिनं एवढंच विचारलं, की चूक झाली, आता तिचं काय करायचं ठरवता.

दोन दिवसांनी गोपाळराव महालात गेले. सोनिका आता आपल्या भावाच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करायची. गल्लीच्या तोंडाशी काचेचं छोटंसं दुकान, डोळ्याला भिंग लावून ती एका उघड्या फोनवर वाकलेली होती. बाजूला प्रयागबाई बसल्या होत्या. त्यांनी गोपाळरावांना पाहिलं, उठल्या आणि आत निघून गेल्या. गोपाळरावांना परत फिरावंसं वाटलं. पण ते स्टुलावर बसले आणि मनात होतं ते सगळं सांगून टाकलं. मला वास आला होता, मी थांबवायला हवं होतं, मी थांबवलं नाही, असं अगदी सरळ सांगितलं.

सोनिकानं भिंग काढलं. हातातला स्क्रू काढायचा छोटा पेचकस तिनं खाली ठेवला.

"वास मलेही आला होता, काका. मीही नाही थांबली. सगळे म्हणत होते, मांडव भरला, आता काय थांबायचं. तुम्ही थांबले असते त बरं झालं असतं, खोटं काहून बोलू? पण हात त्यानं मोडला. त्याचं ओझं तुम्ही काहून घेऊन फिरून राहिले?"

गोपाळरावांनी पिशवीतून पत्रिका काढून काउंटरवर ठेवली आणि लग्नाला या म्हणाले. ती पाहीन म्हणाली, आणि पुन्हा भिंग लावलं. मोकळं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही लगेच झालं नाही, घरी येऊन उलट अंग दुखायला लागलं. पण त्या रात्री ते जेवले, झोपले, आणि सकाळी रितिकाला हाक मारून म्हणाले, की आयुषला सांग, लग्न मी लावतो.

चौदा डिसेंबरला रविवार होता. आपल्यात मुहूर्त नसतो म्हणून लोक छाती फुगवून सांगतात, पण हॉलवाल्याचा मुहूर्त असतोच. चार वाजता दुसऱ्या पार्टीला हॉल द्यायचा होता, म्हणून मॅनेजर सकाळपासूनच मनगटावरचं घड्याळ दाखवत हिंडत होता. सातशे माणसं आली होती. त्यातली निम्मी तरी गोपाळराव पुन्हा पडतात की काय हे बघायला आली होती असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. तथागतांच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला गेला. रितिका पांढऱ्या साडीत आणि आयुष पांढऱ्या कुर्त्यात हात जोडून उभे राहिले. गोपाळरावांनी माईक हातात घेतला. वंदना झाली, त्रिशरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. आवाज अजून तसाच होता, शेवटच्या खुर्चीपर्यंत जाणारा.

पाचव्याला तोंड उघडलं आणि छातीत ते दार पुन्हा वाजायला लागलं. तिसऱ्या रांगेत सोनिका बसली होती. हाताला घाम फुटला. कडेला मॅनेजर उभा होता, त्यानं बोट घड्याळावर टेकवलं. पुढच्या रांगेतले चार-पाच जण खुर्चीतून अर्धे उठले, धरायला.

गोपाळराव खाली पडले नाहीत. त्यांनी माईक तोंडाजवळ घेतला आणि शांतपणे बोलायला लागले.

"थांबा. माझी छाती धडधडून राहिली आहे. मले हा आजार आहे. मी त्याची गोळी घेतो आणि एका मॅडमजवळ जाऊन बोलतो, दोन्ही. हे आपोआप उतरते, दोन मिनिटं लागतीन. तवर कोणी उठू नका."

त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळ्यांच्या देखत बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकवले, मयुरानं शिकवलं होतं तसा श्वास सावकाश आत घेतला, सावकाश सोडला. दोन मिनिटं ही फार मोठी गोष्ट असते. पंखे फिरत होते ते ऐकू येत होतं. वाढपी हातात पळ्या घेऊन दारातच उभे राहिले. मॅनेजर पुढे यायला निघाला, इंदूबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि तो मागे सरला. पण कुणीही उठलं नाही, कुणीही 'आटपा' म्हटलं नाही. सातशे माणसं हात मांडीवर ठेवून एका माणसाचा श्वास जागेवर येण्याची वाट बघत बसली. आणि गोपाळराव खुर्चीत बसल्या बसल्या ते बघत राहिले. धडधड कमी होत गेली, आणि मग उतरली.

ते उठून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"मले सहा वर्षं वाटत होतं, भरला मांडव थांबत नाही म्हणून. थांबते. आत्ता तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. पोरी हो, तुम्हीही पाहून ठेवा. काही चुकीचं दिसलं, कसला वास आला, तर थांबा म्हणायचं. भात थंडा होते, बाकी काही होत नाही."

मग त्यांनी आयुषच्या डोळ्यांत पाहून पाचवं शील म्हणवलं. आयुषनं म्हटलं, रितिकानं म्हटलं, आणि कुणी सांगितलं नसताना हॉलमधल्या सातशे माणसांनी म्हटलं. पुढे प्रतिज्ञा झाल्या, गाथा झाल्या, पाकळ्या उधळल्या गेल्या. शेवटचं 'साधु, साधु, साधु' इतकं मोठ्यानं झालं की बाहेर पार्किंगमधला चौकीदार आत बघायला आला. रितिका बापाच्या गळ्यात पडली. आपला आवाज आपल्याला परत मिळाला, आणि गेला होता त्यापेक्षा चांगला मिळाला, हे त्या क्षणी गोपाळरावांना कळलं आणि त्यांना भरभरून आनंद झाला.

पंगती बसल्या. जेवताना तीन माणसांनी वेगवेगळं येऊन, इकडेतिकडे बघत, गोपाळरावांना डॉक्टरांचा पत्ता विचारला. त्यातला एक त्यांच्याबरोबर खांबावर चढलेला जुना लाइनमन होता, आणि एक आयुषची मावशी. गोपाळरावांनी डॉक्टरांचाही पत्ता दिला, मयुराचाही दिला, आणि गोळीनं काही डोक्यात चढत नाही, मी स्वतः पाहिलं, असं वर सांगितलं.

सगळ्यात शेवटी सोनिका आली. हातात विड्याचं पान होतं, ते तिनं खाल्लं नव्हतं.

"काका, माझ्या लहान बहिणीचं आहे मार्चमध्ये," ती म्हणाली. "लग्न तुम्हीच लावून द्या."

गोपाळरावांनी विचारलं, की आईला चालेल का.

"आईनंच पाठवलं मले. ती तिकडे मागे बसली आहे. म्हणे, जो थांबवते त्याच्याच हातून लावायचं."

गोपाळरावांनी मागे पाहिलं. शेवटच्या रांगेत, रिकाम्या झालेल्या खुर्च्यांमध्ये, प्रयागबाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच हात जोडून जय भीम केला. गोपाळरावांनी दोन्ही हात जोडून जय भीम केला आणि सोनिकाला मार्चची तारीख विचारली.